कोरोनाच्या रोग्यास फुप्फुसात रक्ताची गुठळी : ती ओळखतात कशी ?

व्यापारी संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, वाहतूक, करांचे कायदे, हिशेबपद्धती अशा विषयांवरील लेख वाचण्याची आपणां सर्वांस सवय आहे. अशा ग्रंथात एका रोगाच्या निदानाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे एखाद्या सभासदबंधूस वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु २०२० व २०२१ ही दोन वर्षे आपल्यापैकी कोणीच विसरू शकणार नाही. पेढ्या बंद, रस्ते ओस, आणि घरोघरी बोटाला ते लहानसे यंत्र लावून प्राणवायूचा आकडा पाहत बसलेली माणसे, हे चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ह्या रोगास जागतिक साथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. साथ ओसरली, विषाणू मात्र आपल्यातून गेलेला नाही. म्हणून त्या काळात महागात पडलेले धडे विसरून चालणार नाही. त्यांपैकीच एका धड्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाचा जन्म व्यापारी घराण्यातला. पेशा मात्र वैद्यकाचा, आणि तोही नेत्रवैद्यकाचा. २०२१ च्या एप्रिलात दुसऱ्या लाटेत माझे थोरले बंधू कोरोनाने आजारी पडले. त्यांचे वय तेव्हा ५८ वर्षांचे होते. ताप पाच-सहा दिवसांत उतरला, खोकला कमी झाला, प्राणवायूचा आकडा ९६ च्या खाली गेला नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेराव्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर चढताना त्यांस एकाएकी धाप लागली. वहिनींनी मला दूरध्वनी केला. "आजारपणाचा अशक्तपणा आहे, दोन दिवस विश्रांती घेऊ द्या," असे मी सांगून टाकले. माझा हा सल्ला चुकीचा होता. सुदैवाने वहिनींना तो पटला नाही आणि त्यांनी त्याच संध्याकाळी दादांना रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी जे ओळखले, ते मला ओळखता आले नव्हते. फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती कशी ओळखतात, हे आपल्या सभासदांस व विशेषतः घरातील भगिनींस समजावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

गुठळी फुप्फुसात कशी जाते ?

रक्ताने वाहिनीत असताना पातळ राहावे आणि वाहिनीबाहेर पडताच घट्ट व्हावे, अशी शरीराची योजना आहे. जखमेतून वाहणारे रक्त गोठले नाही तर प्राणावर बेतते. तद्वत ते वाहिनीच्या आत गोठले तरीही प्राणावर बेतते. पायाच्या स्नायूंत खोलवर ज्या मोठ्या नीला असतात, त्यांत रक्त कधी कधी गोठते. गुठळी तेथेच राहिली तर पाय सुजतो व दुखतो. परंतु तिचा तुकडा सुटून निघाला तर तो पोटातील मोठ्या नीलेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो आणि तेथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत लोटला जातो. ही रोहिणी झाडाप्रमाणे फांद्या फुटत फुटत बारीक होत जाते. जेथे तुकड्याच्या आकारापेक्षा फांदी अरुंद होते, तेथे तो अडकून बसतो.

त्यापुढील भागात हवा येते, पण रक्त येत नाही. दुकान उघडे आहे, माल मांडलेला आहे, परंतु पेठेत शिरण्याचा रस्ताच बंद झाला, अशी ही अवस्था होय. प्राणवायू घेण्यास रक्तच न पोचल्यामुळे श्वास कितीही घेतला तरी तो अपुरा पडतो. इकडे हृदयाच्या उजव्या कप्प्यास बंद रस्त्यावर रक्त लोटावे लागते. तो ताणला जातो, आणि गुठळी मोठी असेल तर थकून जातो. मृत्यू येतो तो बहुधा ह्या कारणाने.

पायातील गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकतो, हा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यांनी शवविच्छेदन व प्रयोग यांच्या आधारे सिद्ध केला. गुठळी का होते ह्याची तीन कारणे त्यांच्या नावाने आजही सांगितली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तरास इजा होणे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. ह्यांपैकी एखादे कारणही गुठळीस पुरते.

कोरोनात तिन्ही कारणे एकत्र

कोरोनाच्या तीव्र रोग्यात ही तिन्ही कारणे एकाच वेळी येऊन मिळतात. रोगी अंथरुणास खिळतो, पाणी कमी पितो, तेव्हा पायांतील प्रवाह मंदावतो. वाहिन्यांचे आतील अस्तर सुजते व त्यास इजा होते. रोगाशी लढताना शरीरात जो दाह उसळतो, त्यामुळे रक्तातील गोठविणारी द्रव्ये वाढतात. आरंभी हा केवळ श्वसनाचा रोग आहे असे सर्वांनी मानले होते. २०२० च्या वसंतऋतूत युरोपातून जी निरीक्षणे प्रसिद्ध झाली, त्यांनी ही समजूत बदलली.

हॅम्बुर्ग येथे कोरोनाने दगावलेल्या पहिल्या १२ रोग्यांचे शवविच्छेदन करण्यात आले. त्यांपैकी ७ जणांच्या पायांतील खोल नीलांत गुठळ्या सापडल्या, आणि ह्या सातांपैकी कोणाच्याही बाबतीत जिवंतपणी त्यांची शंका आली नव्हती. ४ जणांच्या मृत्यूचे प्रत्यक्ष कारण फुप्फुसातील गुठळी हेच होते. ही संख्या लहान असली, तरी जिवंतपणी कोणास शंकाही न यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात कोरोनाने दगावलेल्या ७ व इन्फ्लुएंझाने दगावलेल्या ७ व्यक्तींच्या फुप्फुसांची तुलना करण्यात आली. वायुकोशांभोवतीच्या केसासारख्या सूक्ष्म वाहिन्यांत, कोरोनाच्या रोग्यांत नऊ पट अधिक सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कोरोनात फुप्फुसातील प्रत्येक गुठळी पायातूनच आलेली असते असे नव्हे. काही तेथल्या तेथेच तयार होतात. म्हणून पाय सुजलेला नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

निदानाची खरी अडचण

गुठळीची लक्षणे कोणती ? एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, नाडी जलद चालणे, खोकल्यातून रक्त पडणे, रक्तातील प्राणवायू घटणे, घेरी येणे. आता कोरोनाने फुप्फुसास सूज आली असता काय होते ते पाहा. धाप, खोकला, छातीत दुखणे, जलद नाडी, घटलेला प्राणवायू. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच आहेत. एरवी धडधाकट माणसास एकाएकी धाप लागली तर डॉक्टर गुठळीचा विचार करतो. कोरोनाच्या रोग्यास धाप लागली तर कारण आधीच हाताशी असते, आणि हाताशी आलेले कारण मनुष्य सहसा सोडीत नाही. माझ्याकडून हीच चूक घडली.

मग वेगळेपण ओळखावे कसे ? आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, मेळ बसतो की नाही हे पाहून. दिवसाच्या शेवटी रोकड व कीर्द यांचा मेळ बसला नाही, तर आपण "असेल काहीतरी" म्हणून वही मिटत नाही. तद्वत फुप्फुसाच्या सुजेचे मान आणि रोग्याची अवस्था यांचा मेळ घालून पाहावा लागतो. सूज थोडी आणि प्राणवायू फार घटलेला. ताप उतरलेला आणि नाडी मात्र चढलेली. काल बरा होत चाललेला रोगी आज एकाएकी खालावलेला. एक पाय दुसऱ्याहून जाड. अशी कोठलीही तफावत दिसली की तिसरे काही कारण असले पाहिजे, असे समजून शोध घ्यावयाचा.

वेळेचेही भान ठेवावे लागते. फ्रान्समधील बेझाँसों येथे कोरोनाच्या १०० रोग्यांच्या छातीचे औषध टोचून काढलेले छेदचित्र तपासले, तेव्हा २३ जणांत फुप्फुसातील गुठळी आढळली. आणि लक्षणांच्या आरंभापासून ती सापडेपर्यंत सरासरी १२ दिवस गेले होते. नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांत ठेवलेल्या १८४ रोग्यांपैकी ३१ टक्के रोग्यांत कोठे ना कोठे गुठळीचा उपद्रव झाला, आणि त्यांत फुप्फुसातील गुठळीच सर्वांत अधिक होती. हे आकडे रुग्णालयातील अत्यवस्थ रोग्यांचे आहेत. घरी राहून बऱ्या होणाऱ्या सौम्य रोग्यांस ते लावू नयेत. परंतु दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, सर्व निभावले असे वाटत असताना, सावध राहावे एवढा बोध त्यांतून निश्चित होतो. दादांचा तो तेरावा दिवस होता.

रोग्याच्या खाटेपाशी

निदानाचा आरंभ यंत्राने होत नाही, प्रश्नांनी होतो. धाप हळूहळू वाढली की एकाएकी लागली ? पूर्वी कधी गुठळी झाली होती काय ? अलीकडे शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण, कर्करोग ? त्यानंतर नाडी मोजतात, श्वासाची गती मोजतात, दोन्ही पोटऱ्या उघड्या करून शेजारी शेजारी पाहतात व मापफितीने मोजतात. दादांचा उजवा पाय किंचित जाड होता. त्यांनी तो कोणास दाखविला नव्हता, कारण कोणी विचारलाच नव्हता. नाडी ११८ होती आणि प्राणवायू ९० वर आला होता.

बोटाला लावण्याच्या त्या यंत्राची मूळ कल्पना १९७४ साली जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी मांडली. रक्तातील प्राणवायूप्रमाणे त्याचा रंग बदलतो. तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवून त्या रंगावरून यंत्र हिशेब करते. आपल्या यंत्राने लक्षावधी घरांत पहारा करावा अशी वेळ आली असतानाच, २०२० च्या एप्रिलात, त्यांचे निधन झाले. हे यंत्र प्राणवायू घटल्याचे सांगते, का घटला ते सांगत नाही. आणि लहान गुठळी असता प्राणवायू घटेलच असेही नाही.

हृदयाचा विद्युत्‌लेख काढतात. त्यात पुष्कळदा केवळ जलद नाडी दिसते. कधी उजव्या कप्प्यावरील ताणाच्या खुणा दिसतात. त्याचा मोठा उपयोग हा की, धाप हृदयविकाराच्या झटक्याने तर नाही ना, हे पाहता येते.

एरवी डॉक्टर एक गुणपत्रक वापरतात, ते कॅनडातील वैद्य फिलिप वेल्स यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पायातील गुठळीच्या खुणा असल्यास ३ गुण, नाडी १०० च्या वर असल्यास दीड गुण, अशी त्याची रचना असून बेरीज ४ च्या वर गेल्यास गुठळी संभवनीय मानतात. परंतु त्यातील आणखी ३ गुण 'गुठळीहून अधिक संभवनीय असे दुसरे कारण नसल्यास' द्यावयाचे असतात. कोरोनाच्या रोग्यात असे दुसरे कारण नेहमीच पुढे उभे असते ! त्यामुळे हे तीन गुण द्यावेत की न द्यावेत, ह्यावरच सारे निदान डळमळू लागते. म्हणूनच ह्या रोगात केवळ गुणांच्या बेरजेवर विसंबता येत नाही.

डी-डायमर : आकड्याचा अर्थ

दुसऱ्या लाटेत ज्या शब्दाने घरोघरी झोप उडविली, तो शब्द 'डी-डायमर'. त्याचा अर्थ समजून घेऊ. रक्त गोठते तेव्हा फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाते. काम संपल्यावर शरीर ते जाळे कुरतडू लागते, आणि कुरतडलेले जे तुकडे रक्तात उतरतात त्यांतील एक हा डी-डायमर. म्हणजे कोठेतरी जाळे विणले गेले व तुटले, एवढेच तो सांगतो. कोठे, केव्हा व कशामुळे, हे तो सांगत नाही. जखम, शस्त्रक्रिया, गर्भारपण, वार्धक्य, कर्करोग, कोणताही जोराचा दाह, ह्या सर्वांत तो वाढतो; आणि कोरोनात तर गुठळी नसतानाही वाढतो.

मग त्याचा उपयोग काय ? उपयोग मोठा आहे, पण तो उलट बाजूने. संशय फारसा नसताना हा आकडा मर्यादेच्या आत असला, तर मोठी गुठळी बहुधा नाही असे म्हणता येते आणि रोग्यास पुढील तपासणीतून वाचविता येते. 'नाही' म्हणताना हा साक्षीदार विश्वासू आहे. 'आहे' म्हणताना नाही. स्ट्रासबुर्ग येथील अभ्यास ह्यावर चांगला प्रकाश टाकतो. तेथे छेदचित्र काढलेल्या कोरोनाच्या १०६ रोग्यांपैकी ३२ जणांत फुप्फुसातील गुठळी निघाली, व त्या सर्वांचा डी-डायमर लिटरमागे २६६० मायक्रोग्रॅमच्या वर होता. परंतु गुठळी नसलेल्या ७४ जणांपैकीही २५ जणांचा आकडा त्याहून वरच होता. म्हणजे वाढलेला आकडा असलेल्या ५७ पैकी २५ जणांत गुठळी नव्हती. केवळ आकड्यावरून औषध दिले असते तर ह्या पंचवीसांस ते विनाकारण मिळाले असते.

येथे मापाविषयी एक सूचना आपल्यासारख्या मापतोल जाणणाऱ्यांस करावीशी वाटते. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी सांगतात. एखादी प्रयोगशाळा तीच मर्यादा ०·५ मायक्रोग्रॅम अशी छापते. शिवाय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीतील आकडा दुसरीच्या सुमारे दुप्पट येतो. तोळे व ग्रॅम एकच समजून भाव करणारा व्यापारी जसा फसेल, तसाच आजच्या एका प्रयोगशाळेतील आकड्याची उद्याच्या दुसरीतील आकड्याशी तुलना करणारा फसतो. तसेच पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरण्याची रीत आहे. साठ वर्षांच्या मनुष्यास ६००. हे सर्व पाहिल्यावाचून अहवालातील तांबड्या अक्षरांनी घाबरून जाऊ नये.

दोन छेदचित्रांतील भेद

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे वळू. दादांच्या छातीचे सी.टी. छेदचित्र आठव्या दिवशीच काढले होते. २५ पैकी ९ गुण, म्हणजे सौम्य, असा अहवाल होता. "छातीचा स्कॅन तर झाला आहे, त्यात काही विशेष नाही," हेच वाक्य वहिनींनी मला सांगितले आणि मीही त्यावर विसंबलो. परंतु ते छेदचित्र साधे होते. त्यात फुप्फुसाच्या पाचही खंडांत सूज किती, हे प्रत्येकी पाच गुणांनी मोजतात. रोहिणीतील रक्त व रोहिणीतील गुठळी ही दोन्ही त्यात बहुतेक सारखीच करडी दिसतात. म्हणून अशा चित्राने गुठळी नसल्याची खात्री देता येत नाही. ते २५ गुण सुजेचे आहेत, गुठळीचे नव्हेत.

गुठळी पाहावयाची तर दंडाच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध वेगाने टोचतात, आणि ते फुप्फुसाच्या रोहिणीत पोचते त्याच क्षणी चित्र घेतात. औषधमिश्रित रक्त शुभ्र दिसते व त्या शुभ्र प्रवाहात गुठळी काळसर पोकळीसारखी उठून दिसते. ह्या तपासणीस फुप्फुस-रोहिणीचे छेदचित्र, अर्थात सी.टी. ॲन्जिओग्राफी, म्हणतात. छेदचित्राच्या यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र लंडन येथे १९७१ साली घेतले गेले. यंत्राची गती वाढत गेल्यावर १९९२ च्या सुमारास फ्रान्समधील लील येथून रोहिणीतील गुठळ्या ह्या रीतीने दिसू शकतात असे प्रसिद्ध झाले. आज निश्चित निदानाची हीच मुख्य तपासणी होय.

तिलाही मर्यादा आहेत. ह्या औषधाने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस अपाय होण्याचा संभव असतो, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. पूर्वी अशा औषधाने त्रास झाला असल्यास तसे आधी सांगावे. अत्यवस्थ रोग्यास यंत्रापर्यंत नेणेच कधी कधी धोक्याचे असते. अशा वेळी दुसरे मार्ग धरावे लागतात. पायांच्या नीलांवर ध्वनिलहरींचे उपकरण ठेवून दाबतात. निरोगी नील दाबताच मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. पायात गुठळी निश्चित झाली व वर लक्षणे असली, तर उपचारापुरते तेवढे पुष्कळदा पुरते. हृदयाच्या ध्वनिचित्रात उजवा कप्पा फुगलेला दिसला तर मोठ्या गुठळीचा संशय बळावतो. हे यंत्र खाटेपाशी आणता येते, म्हणून रक्तदाब खचलेल्या रोग्यात त्याचे मोल मोठे. औषध टोचणे शक्य नसल्यास किरणोत्सर्गी द्रव्याचा सूक्ष्म अंश देऊन फुप्फुसाच्या कोणत्या भागात रक्त पोचत नाही हे पाहण्याचीही पद्धत आहे. एरवी तीत रोग्यास विशिष्ट वायू हुंगवून हवेचेही चित्र घेतात. साथीच्या काळात श्वासातून विषाणू पसरण्याच्या भयाने पुष्कळ ठिकाणी तो भाग गाळला जाई.

दादांचे औषध टोचून काढलेले चित्र रात्री अकरा वाजता हाती आले. उजव्या रोहिणीच्या दोन फांद्या बंद होत्या.

निदानाचा आग्रह कशासाठी ?

निदान पक्के झाले तर इलाज आहे, म्हणून हा आग्रह. १९६० साली ब्रिस्टल येथे एक छोटी परंतु प्रसिद्ध चाचणी झाली. फुप्फुसात गुठळी झालेल्या १९ रोग्यांस रक्त न गोठू देणारे औषध दिले नव्हते. त्यांतील ५ जण त्याच रोगाने दगावले. औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही त्या रोगाने गेला नाही. हेपारिन व तत्सम औषधे गुठळी वितळवीत नाहीत. ती वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत, आणि तेवढ्या अवधीत शरीर आपले काम करते. हे उपचार किमान तीन महिने चालतात.

मग प्रत्येक कोरोनाग्रस्तास हे औषध का देऊ नये ? कारण गोठणे थांबविणारे औषध रक्तस्रावही घडविते. आमच्याच परिचयाच्या एका गृहस्थांनी डी-डायमरचा आकडा पाहून, कोणासही न विचारता, औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या आणल्या. पंधरा दिवसांत पोटातील जुन्या व्रणातून रक्तस्राव होऊन त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. शास्त्रीय चाचण्यांनीही हाच विवेक शिकविला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, रुग्णालयातील मध्यम आजारी रोग्यांस हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा लाभ झाला. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रोग्यांस मात्र झाला नाही. त्याच वर्षी घरी राहणाऱ्या सौम्य रोग्यांवरील एक अमेरिकन चाचणी मध्येच थांबविण्यात आली, कारण अशा रोग्यांत गुठळ्या मुळातच इतक्या विरळ होत्या की औषधाचा लाभ दिसून येण्याचा संभव नव्हता. तात्पर्य, न ओळखलेली गुठळी जशी घातक, तशी नसलेल्या गुठळीवर घेतलेली गोळीही घातक. ह्या दोहोंमधला मार्ग म्हणजेच योग्य निदान.

कुटुंबीयांनी काय ध्यानात ठेवावे ?

रोगी घरी परतला म्हणजे भय संपले असे नव्हे. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक कोरोनाग्रस्तांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीस दिवसांत दर दहा हजारांत सुमारे १७ जणांस फुप्फुसातील गुठळी झाली. कोरोना न झालेल्यांत हे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी होते. हा वाढीव संभव सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला, आणि रोग जितका तीव्र तितका तो अधिक होता. म्हणजे गुठळी बहुसंख्यांस होत नाही. परंतु जिला ती होते त्या व्यक्तीच्या घरच्यांनी ती वेळीच ओळखली पाहिजे.

म्हणून कोरोनानंतरच्या काही महिन्यांत एकाएकी धाप लागली, श्वासाबरोबर छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले, घेरी आली किंवा एकच पाय सुजला, तर तो अशक्तपणा समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांस आजाराचा कितवा दिवस हे सांगावे, आणि जुने सर्व अहवाल तारीखवार लावून सोबत न्यावेत. आपण हिशेबाची कागदपत्रे वर्षानुवर्षे जपतो. हे कागदही तितक्याच निगुतीने जपावेत. स्कॅन झाला आहे एवढेच न सांगता तो साधा होता की औषध टोचून काढलेला, हेही सांगावे. "ह्यात गुठळीचा संभव आहे काय ?" असे विचारण्यास संकोच करू नये. आणि गुठळी न होऊ देणाऱ्या गोळ्या, तसेच एकदा सुरू झालेल्या गोळ्या बंद करणे, ही दोन्ही आपल्या मनाने करू नयेत. गादीवर तासन्‌तास एकाच बैठकीत बसण्याची आपल्यातील पुष्कळांची सवय आहे. आजारातून उठलेल्या माणसाने तरी अधूनमधून उठून चार पावले चालावे, आणि पाणी पुरेसे प्यावे.

दादा बरे झाले. तीन महिने गोळ्या घेतल्या आणि त्या दिवाळीस ते नेहमीप्रमाणे पेढीवर बसले. त्यांचे प्राण वाचले ते माझ्या वैद्यकीय ज्ञानामुळे नव्हे. ताप नाही, स्कॅन चांगला, आणि तरीही हा मनुष्य चार पायऱ्या चढताना थांबतो, ह्याचा मेळ वहिनींना लागेना आणि मेळ लागेना म्हणून त्यांनी वही मिटली नाही, हेच त्याचे कारण. वैद्यकशास्त्राचे मोठे तत्त्व त्यांनी आपल्या सहजबुद्धीने पाळले. ते आपण सर्वांनी पाळावे, आणि सर्व सभासदबंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस उत्तम आरोग्य लाभावे, ह्या सदिच्छेसह हा लेख पुरा करतो.